ऑटोत कोण कोण बसणार?

नवीन पोर विमानतळावरून घरी आलं की मी सगळ्यात आधी त्याचे बूट काढून घ्यायचे. नाडीचे, घोट्यापर्यंतचे, चांगले भारीतले बूट. "हे आता परत जाताना मिळतील," असं सांगून मी हातात चपलांचा जोड ठेवायचे. पोरं बिचकायची. चेन्नईत दिवसातून किती उंबऱ्यांबाहेर पायातलं काढावं लागतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? एक जर्मन मुलगा मात्र बूट द्यायलाच तयार नव्हता. म्हटलं, राहू दे बाबा. आठवडाभरातच त्याने ते स्वतः आणून दिले. एका घरी तो बाहेर बसून नाड्या सोडत होता तोवर आत कॉफी निवली, आणि निघताना बांधत होता तोवर बस गेली.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा, असं चिटणीसबाईंनी फर्मावलं तेव्हा मला हसू आलं. मी नगरकडची ख्रिस्ती बाई. नवरा रेल्वेच्या कारखान्यात लागला म्हणून चेन्नईला आले आणि इथलीच झाले. पुरसैवाक्कमच्या एका गल्लीत एका मिशनचं दुमजली घर आहे. परदेशातून वर्षा-दोन वर्षांसाठी येणारे तरुण मिशनरी तिथे राहतात. त्या घराची मी व्यवस्थापक होते. कागदावर व्यवस्थापक हो! प्रत्यक्षात आई, फौजदार, दुभाषी आणि झुरळं मारणारी. सगळे मला अक्का म्हणायचे. आमचं आपसांतलं बोलणं इंग्रजी आणि तमिळच्या भेसळीत चालायचं. इथे मी ते सरळ मराठीत देते.

मिशनरी म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे लांब दाढी आणि पांढरा झगा येतो. माझे मिशनरी विशी-बाविशीचे. पालीला भिणारे, फोनचा चार्जर हरवणारे, आईची आठवण आली की गच्चीवर जाऊन रडणारे. सकाळी बादलीतल्या पाण्याने आंघोळ, मग प्रार्थना, इडली, आणि बस. कुणी वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांची दाढी करायला जायचं, कुणी बालवाडीत. संध्याकाळी तमिळची शिकवणी, रविवारी उपासना आणि शब्बाथशाळा, म्हणजे लहान मुलांचा बायबलचा वर्ग. लोक मला हळूच विचारायचे, "काय हो, ही मुलं बाटवतात का?" मी म्हणायचे, "अहो, त्यांना ऑटोवाल्याला आपल्या घरचा पत्ता पटवता येत नाही, ती आणखी काय पटवणार?"

त्यांच्या कामात अवघड काय असेल तर पाहुणचार. कोरियाचा एक मुलगा होता, मिन्हो. पानात काही टाकायचं नाही, ही त्याच्या घरची शिस्त. आणि इथे केळीचं पान रिकामं दिसलं की वाढणारा धावत येतो. एका लग्नात हा पान साफ करतोय आणि ते वाढताहेत, असं कितीतरी वेळ चाललं. पोरगं घामाघूम झालं तरी मागे हटेना. शेवटी मी दुसऱ्या पंगतीतून ओरडले, "अरे, पान आपल्याकडे मिटव!" त्याने मिटवलं आणि मग दोन दिवस तो नुसत्या ताकावर होता. यजमान मात्र अजूनही त्याचं नाव काढतात.

माझ्या घरात एकच कडक नियम होता. रात्री जेवायला बसलं की आज काय काम केलं ते सांगायचं नाही. आज भेटलेल्या एका नव्या माणसाचं नाव सांगायचं आणि त्याच्याबद्दल एखादी गोष्ट. काम सांगायला लागली की ही पोरं फुशारक्या मारतात, नाहीतर तोंड पाडून बसतात. माणसाचं नाव सांगायचं म्हटलं की दिवसभर डोळे उघडे ठेवावे लागतात. कुणी "मुत्तुलक्ष्मी, तिच्या कोंबडीला नाव आहे पण बोक्याला नाही," असं सांगायचं आणि टेबलावर हशा व्हायचा. नाव नाही तर पापड नाही, असा माझा दंड होता.

आता कारिनबद्दल सांगते. तिच्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला बसले.

कारिन नॉर्वेतल्या एका खेड्यातली. घरी गाई, शेत आणि वर्षातले कितीतरी महिने बर्फ. आली तेव्हा पांढरीफटक पडलेली. मला वाटलं, उन्हाने. तर म्हणे विमानाने! तिला विमानाची भयंकर धास्ती. संबंध प्रवासात खुर्चीचे हात इतके घट्ट धरून ठेवले होते की बोटं वाकत नव्हती. "मग आलीस कशाला एवढ्या लांब?" मी विचारलं. म्हणाली, "बोलावलं होतं ना." एवढंच. सरळ पोरगी. जे पटेल ते करायचं, न पटेल ते मरेपर्यंत नाही. मला अशी माणसं आवडतात, पण ती सांभाळायची म्हणजे डोक्याला ताप असतो.

तिची नेमणूक एन्नोरच्या एका कोळीवस्तीतल्या बालवाडीत झाली. तिथे जेनी नावाची चिमुरडी होती. दारात आली की बापाचा पाय धरून अशी रडायची की सगळी गल्ली गोळा व्हायची. कारिनने तिला कधी ओढून आत नेलं नाही. ती बाहेर पायरीवर तिच्या शेजारी जाऊन बसायची, आपल्या गाईंची चित्रं काढायची. जेनी हळूहळू पायरीवरून उंबऱ्यावर आली, उंबऱ्यावरून आत. मग एक दिवस बापाला हात हलवून "तू जा" म्हणाली. तो दिवस तिचा बाप विसरला नाही.

बापाचं नाव सेल्वराज. आमच्या चर्चमधलाच. अनेक वर्षं दुसऱ्याचा ऑटो भाड्याने चालवत होता. मग एकदाचा त्याने स्वतःचा घेतला. आमच्याकडे नवी गाडी आली की चर्चच्या पाळकांना बोलावून तिच्यावर प्रार्थना करवून घेतात, आणि मगच ती रस्त्यावर येते. शेजारचे हिंदू लोक चाकाखाली लिंबू ठेवतात, तसंच हे. सेल्वराजने गल्लीभर सांगून ठेवलं होतं की माझ्या ऑटोची प्रार्थना कारिनम्माच करणार. कारिनला काय, तर "घरी या" एवढंच सांगितलं होतं. तिला गोड धक्का द्यायचा होता म्हणे.

रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघी गेलो. पिवळाधमक ऑटो दारात उभा. झेंडूच्या माळा घातलेल्या. एन्नोरला वीजकेंद्राची राख सगळ्यावर बसते, म्हणून सेल्वराजची बायको एस्तर फडकं घेऊन सारखी काच पुसत होती. बिर्याणीचा वास सुटलेला. सगळी गल्ली जमली होती. सेल्वराज नवा शर्ट घालून पुढे आला, डोक्यावरून हात फिरवून केस बसवले आणि म्हणाला, "कारिनम्मा, प्रार्थना करा. तुम्ही केल्याशिवाय मी चावी फिरवणार नाही."

कारिनने ऑटोकडे पाहिलं, माळांकडे पाहिलं. मग म्हणाली, "अण्णा, मी माणसांसाठी प्रार्थना करते. मशीनसाठी करत नाही."

एरवी तिचं तमिळ धड कुणाला कळायचं नाही. नेमकं तेवढं वाक्य शुद्ध आलं! अय्यो! सेल्वराजचा चेहरा असा पडला की मला बघवेना. एस्तरच्या हातातलं फडकं तसंच काचेवर थांबलं. मग कुणीतरी म्हणालं, जेवून घ्या. आम्ही जेवलो. इतकी चांगली बिर्याणी इतक्या गुपचूप खाल्लेली मी तरी कधी पाहिली नाही.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, "अगं, दोन शब्द बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"अक्का, माझे आजोबा चर्चचे प्रचारक होते," ती म्हणाली. "आमच्याकडे पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा शेजारी म्हणाले, आशीर्वाद द्या. आजोबा म्हणाले, त्याला डिझेल द्या. मला पटत नसताना मी डोळे मिटून पुटपुटले असते, तर ती प्रार्थना झाली असती का? ते नाटक झालं असतं. सेल्वराजअण्णाशी मी नाटक करू?"

तिचं चूक म्हणावं तर तसं नव्हतं, आणि त्याचंही काही चुकलं नव्हतं. अशा वेळी मला मनापासून राग येतो. एक कुणीतरी चुकीचं असलं की कसं सोपं जातं.

सेल्वराज हट्टाला पेटला. भाड्याचा ऑटो तो आधीच परत करून बसला होता. नव्यावर ताडपत्री घातली आणि स्वतः धक्क्यावर मासळीच्या पाट्या उचलायला जाऊ लागला. आमचे पाळक बिचारे स्वतः त्याच्याकडे गेले, म्हणाले, "मी करतो प्रार्थना, चल." तर म्हणाला, "अय्या, रागावू नका. मी गल्लीसमोर शब्द दिला, चावी त्यांच्याच प्रार्थनेवर फिरणार." एस्तर मला फोन करून रडायची. तिच्या आईला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं होतं, आणि दारात ऑटो असून म्हातारीला दोन बस बदलून न्यावं लागत होतं. "अक्का, हे माझं ऐकत नाहीत. तुमच्या पोरीला तरी सांगा," ती म्हणायची.

कारिनला रोज त्या ताडपत्री घातलेल्या ऑटोसमोरून बालवाडीत जावं लागायचं. वाईट कुणी बोललं नाही. पण पूर्वी येताजाता "कारिनम्मा, कॉफी" अशा हाका यायच्या, त्या थांबल्या. आया मुलांना सोडायच्या आणि खाली मान घालून निघून जायच्या. रात्री जेवणाच्या टेबलावर तिची पाळी आली की ती म्हणायची, "आज कुणी नाही." पापड मागायचीही नाही. बाकीची पोरं तिच्या ताटात गुपचूप पापड ठेवायची, तो ती तसाच ठेवून उठायची.

आणि मग एके संध्याकाळी ती स्वयंपाकघराच्या दारात आली. "अक्का, माझे बूट कुठे आहेत?"

बूट मागायला आलेली पोरं मी पाहिली होती. काही पहिल्याच महिन्यात मागायला यायची, आणि त्यांना मी थांबवू शकले नाही याची मला आजही रुखरुख आहे. त्यातल्या एकाचंही मन मला वळवता आलं नाही. पण ही? विमानाला एवढी घाबरणारी पोर आपण होऊन विमानात बसायला निघाली, म्हणजे आत काय चाललं असेल!

"आधी जेव," मी म्हटलं. "आणि नियम मोडायचा नाही. एक नाव सांग."

"सेल्वराज."

"तो जुना झाला. नवीन सांग."

"माझ्याशी कुणी बोलतच नाही, अक्का. नवीन नाव कुठून आणू?"

मी सांबार वाढत होते, दिवसभराची दमले होते आणि आता खरोखरच वैतागले होते. "अगं, एवढा मोठा ऑटो उभा आहे तिथे! त्यात कोण कोण बसणार आहे, ते तरी विचारलंस का एकदा? ती सगळी नवीनच नावं असतील की!"

खरं सांगते, यात माझी काही युक्ती नव्हती. तोंडाला आलं ते बोलून गेले. पण कारिन जेवता जेवता थांबली, माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पापड उचलला आणि मोडून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बालवाडी सुटायच्या वेळेला तिने मला एन्नोरला बोलावून घेतलं. मी पोचले तर ही सेल्वराजच्या दारात उभी. तो नुकताच धक्क्यावरून आलेला, अंगाला मासळीचा वास, हात पुसत बाहेर आला. कारिन म्हणाली, "अण्णा, मशीनसाठी मला येत नाही, ते अजूनही येत नाही. पण मला सांग, या ऑटोत कोण कोण बसणार?"

एस्तर घरातून धावत बाहेर आली. "पहिली माझी आई बसणार! डोळ्यांच्या दवाखान्यात जायचंय तिला."

"नाव काय आईचं?"

"ज्ञानम्माळ."

कारिनने ताडपत्री ओढून काढली, माळा सुकून काळ्या पडल्या होत्या त्या बाजूला सारल्या आणि चक्क मागच्या सीटवर जाऊन बसली. डोळे मिटले आणि तिच्या त्या मोडक्या तमिळमध्ये ज्ञानम्माळसाठी प्रार्थना करायला लागली. तिचे डोळे, तिची भीती, तिचा दवाखाना. आमेन. डोळे उघडून विचारलं, "आणखी कोण?"

"जेनी," सेल्वराज पहिल्यांदा बोलला. "आणि गल्लीतली शाळेची पोरं. मी सोडणार आहे त्यांना."

मग काय विचारता! गल्लीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. शेजारची वळ्ळिअम्मा आली, कपाळावर ठसठशीत विभूती लावलेली. म्हणाली, "माझ्या सुनेचे दिवस भरत आलेत. कळा आल्या की याच ऑटोतून जाणार. तिचं नाव घे, देवानै." घेतलं. बर्फवाले कासिमभाई सायकल भिंतीला टेकवून आले. "मेरी अम्मी," म्हणाले, "गुडघे गेलेत तिचे. तिचं चालेल ना?" का नाही चालणार! एकाने लेकीच्या परीक्षेचं सांगितलं. कुणीतरी म्हणालं, "सेल्वराजच्या ब्रेकसाठी पण!" कारिनने एक डोळा उघडला. "ब्रेक माणूस नाही." सगळी गल्ली खदखदून हसली. मग एस्तर म्हणाली, "बरं, मग ते ब्रेक मारणाऱ्या माणसासाठी करा. त्यालाच जास्त गरज आहे."

सेल्वराजसाठी ती सगळ्यांत शेवटी बोलली. काय बोलली ते मी इथे लिहिणार नाही, ते त्यांच्यातलं आहे. एवढं सांगते की तो नव्या ऑटोच्या दांड्याला धरून उभा होता आणि लहान पोरासारखा रडत होता, आणि मी पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघत होते.

चावी फिरवणार तेवढ्यात वळ्ळिअम्मा पदरातून तीन लिंबं काढून पुढे झाली. वाकली आणि तिन्ही चाकांखाली एकेक ठेवलं. आता ही पोर काय म्हणते! कारिनने लिंबांकडे पाहिलं, वळ्ळिअम्माच्या वाकलेल्या पाठीकडे पाहिलं. मग पाय सीटवर वर ओढून घेतले आणि म्हणाली, "अक्का, मी डोळे मिटलेत. मला काही दिसत नाही." ऑटो सुटला, लिंबं फुटली आणि पहिल्या फेरीला ज्ञानम्माळ आणि कारिन शेजारी शेजारी बसून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आल्या.

त्या रात्री टेबलावर कारिन एवढी नावं सांगत बसली की भात निवला. बुटांचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. दोन वर्षं पुरी करून गेली. देवानैला मुलगी झाली, त्याच ऑटोतून गेली होती दवाखान्यात.

कारिन परत निघाली तेव्हा मी बूट पुसून काढून ठेवले. चामडं कडक झालं होतं. विमानतळावर सोडायला अर्थात सेल्वराजचा ऑटो. मागे कारिन, मी, एस्तर आणि मांडीवर जेनी, पायांशी सामान. भर दुपार, घामाच्या धारा, आणि सगळे एकाच वेळी बोलत होतो. विमानतळाच्या दारात जेनीने तिच्या बुटांच्या नाड्या बांधून दिल्या. वाकड्यातिकड्या गाठी. कारिनने त्या तशाच ठेवल्या.

मग तिचा रंग उतरायला लागला. ओठ पांढरे पडले. मला आठवलं, विमान! ती सेल्वराजकडे वळली आणि हळूच म्हणाली, "अण्णा, माझ्या विमानासाठी प्रार्थना कर."

सेल्वराजने तिच्याकडे अगदी गंभीरपणे पाहिलं. "मशीनसाठी?" तो म्हणाला. "ते मला येत नाही, अम्मा. मी माणसांसाठी करतो. त्यात कोण कोण बसणार?"

कारिन हसली, डोळ्यांत पाणी होतं तरी हसली. "मला काय माहीत! मी तर कुणालाच ओळखत नाही."

"मग आत जा आणि विचार," तो म्हणाला. "आम्ही नावांची वाट बघतो."

ती गेली. आम्ही परतीला लागलो. जेनी माझ्या कुशीत झोपली होती. बऱ्याच वेळाने माझा फोन वाजला. कारिनचा निरोप होता: विमानात बसले आहे. खिडकीशी फातिमा, पहिल्यांदाच विमानात बसली आहे, माझ्याहून जास्त घाबरली आहे, मी तिचा हात धरला आहे. या बाजूला रामनाथन, नातवाला बघायला चालले आहेत, डब्यात मुरुक्कूच्या चकल्या आहेत.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. सेल्वराजने ऑटो कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि हात जोडले. मागून बसवाला हॉर्न मारून मारून थकला. सेल्वराजने फातिमाचं नाव घेतलं, रामनाथनचं घेतलं, त्यांच्या नातवाचं घेतलं, कारिनचं घेतलं. मग मान वळवून मला विचारलं, "अक्का, पायलटचं नाव नाही कळवलं?"

ते काही तिने कळवलं नव्हतं. मग आम्ही 'पायलट अण्णा' असं म्हणून त्याचंही घेतलं.